अर्ध्या गोळीची अडीच वर्षं

ज्या दिवशी मी कामावर कोसळले, त्या दिवशी काचेपलीकडे बसलेल्या माणसाला वाटलं की आपण ठार बहिरे झालो. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मी कान तपासते. इंदिरानगरातल्या एका दवाखान्यात गेली सव्वीस वर्षं हेच काम करते. बाहेरचा आवाज आत शिरणार नाही अशी एक छोटी खोली असते, तिला आम्ही बूथ म्हणतो. तिथे माणसाला हेडफोन लावून बसवायचं, हातात एक बटण द्यायचं, आणि बाहेर यंत्रापाशी बसून एकेक बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मध्ये काच असते. त्या दिवशी आत चन्नप्पा नावाचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते, निवृत्त बसड्रायव्हर. उजवा कान झाला, डावा सुरू केला, आणि माझा हात यंत्रावरून घसरला. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

ते आत बटण धरून बसून राहिले. आवाज येईना. आणखी थोडा वेळ गेला, तरी येईना. संपलं, आता काहीच उरलं नाही, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मान वर केली, तर काचेत मी नव्हते. हेडफोन काढून ते बाहेर आले. मी जमिनीवर होते आणि माझे हातपाय झटके देत होते. बसच्या नोकरीत त्यांना प्रथमोपचार शिकवले होते. त्यांनी खुर्ची बाजूला ओढली, मला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही आणि मोठमोठ्याने हाका मारल्या.

मला फिट आली होती. एक्कावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. ती का आली असावी याचा मला अंदाज होता, आणि तो मी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला सांगितला नाही. ते दोन दिवस आणि त्याआधीची अडीच वर्षं इथे लिहिते आहे. आत्ता कुणाच्या तरी पर्सच्या आतल्या कप्प्यात माझ्यासारखीच गोळ्यांची एक पट्टी असेल आणि घरात कुणाला माहीत नसेल. हे तिच्यासाठी आहे, किंवा त्याच्यासाठी.

आई गेल्यानंतर

आमचं घर राजाजीनगरात. खाली मी, वर माझा थोरला भाऊ आणि वहिनी. भावाला मी अण्णा म्हणते. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे कन्नड मुलुखात आले आणि इथलेच झाले. रस्त्यावर कन्नड, घरात मराठी, आणि ती मराठीही अशी की पुण्याकडचा कुणी आला तर ऐकून गालातल्या गालात हसतो. मी लग्न केलं नाही. आईजवळ राहिले. वहिनी कन्नड घरातली, अण्णा तिच्याशी कन्नडच बोलतो. त्यामुळे गेली पंधरा-वीस वर्षं आमच्या घरातली मराठी म्हणजे मी आणि आई, एवढीच होती.

आई दिवसभर बोलायची. स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, देवासमोरून. "शैला, स्वल्प मीठ बघ गं. सरी आहे ना?" स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे ठीक, हे आमच्यात कन्नडातून आलेलं. मी हो म्हणायचे, बघायचे सुद्धा नाही.

ती गेल्यावर लोक आले, दिवस झाले, लोक गेले. वहिनी रोज डबा पाठवायची. मी कामावर कन्नड बोलायचे, इंग्रजी बोलायचे, उत्तरेकडून आलेल्यांशी हिंदी बोलायचे. संध्याकाळी येऊन कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंड उघडायला कारण नसायचं. मला वाटायचं, दुःख म्हणजे हेच असेल, होईल कमी.

आठ महिन्यांनी एका सकाळी मॅजेस्टिकला मेट्रो बदलताना मी सरकत्या जिन्यावर उभी होते आणि एकाएकी श्वास पुरेना. छातीत मूठ आवळल्यासारखं झालं, बोटं बधिर झाली, आजूबाजूची माणसं दूर गेल्यासारखी दिसायला लागली. मी मरते आहे याबद्दल मला कसलीच शंका नव्हती. तिथल्या सुरक्षारक्षक बाईने मला खाली बसवलं, पाणी दिलं. वीस मिनिटांत सगळं गेलं. हृदयाचा ईसीजी काढला, तो स्वच्छ होता. त्याच आठवड्यात हे आणखी दोनदा झालं.

घराजवळच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हा पॅनिक अटॅक आहे. हृदयाचं काही नाही." आणि क्लोनाझेपाम लिहून दिली. रात्री अर्धी गोळी. "दोन आठवडे घ्या, मग मला दाखवा. ही कायमची गोळी नव्हे." हे त्यांनी सांगितलं होतं. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

पहिली अर्धी गोळी घेतली त्याला पाऊण तास झाला असेल, माझे खांदे खाली आले. ते इतके महिने वर उचललेले होते हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी खुर्चीत बसले होते आणि कितीतरी दिवसांनी फक्त बसले होते.

दोन आठवड्यांनी मी डॉक्टरांकडे गेले नाही. गेले असते तर त्यांनी ती बंद केली असती.

कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आईच्या ओळखीचं. तिची रक्तदाबाची औषधं तिथूनच यायची. डॉक्टरांच्या त्याच जुन्या चिठ्ठीवर दुकानाचे मालक मला गोळ्या देत राहिले. सहा-सात महिन्यांत अर्धीने भागेना, मग एक झाली. मग एक रात्री आणि अर्धी सकाळी. गोळी वाढत गेली, आराम मात्र पहिल्याएवढाच, पुढे पुढे त्याहून कमी. पेशंटची नावं विसरायला लागले. एकाच माणसाला दोनदा विचारायचे, कोणत्या कानाने कमी ऐकू येतं. आईच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला अण्णा पानासमोर बसून रडला, मी भात वाढत राहिले. डोळ्यांत काही येईना. नातेवाईक म्हणाले, शैला खंबीर आहे. मी ते ऐकलं आणि आत जाऊन सकाळची राहिलेली अर्धी गोळी घेतली.

"ह्यावर देता येत नाही"

मागच्या वर्षी दुकानात काउंटरवर नवीन माणूस आला. त्याने माझी चिठ्ठी उलगडली. ती घड्यांवर फाटून चार तुकड्यांची व्हायला आली होती. त्याने तारीख पाहिली.

"मॅडम, ही अडीच वर्षांपूर्वीची आहे. ह्यावर देता येत नाही. डॉक्टरांना दाखवून नवीन आणा."

"मी नेहमी इथूनच घेते."

"मालकांनी दिली असेल. मला नाही देता येणार."

तो उद्धट नव्हता. आवाजही चढवला नव्हता. पण माझ्या मागे तीन माणसं उभी होती आणि त्यातली एक आमच्याच रस्त्यावरची. माझ्या कानशिलात गरम झालं. मी चिठ्ठी घेतली आणि बाहेर पडले. घरी पट्टीत दोन गोळ्या होत्या. त्या मी कचऱ्यात टाकल्या. मनाशी म्हटलं, एवढीशी गोळी, हिच्यासाठी रस्त्यावर मान खाली घालायची? बंद. तो बुधवार होता.

गुरुवार आणि शुक्रवार बरे गेले. झोप कमी लागली एवढंच. मला स्वतःचा अभिमान वाटला. मी उगाच घाबरत होते, असंही वाटलं.

शनिवारी वरच्या मजल्यावर वहिनीच्या कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या हातातला पेला पडला. ती शिट्टी माझ्या डोक्याच्या आतच झाली होती. रिक्षाचा हॉर्न, मेट्रोचं दार बंद होतानाची पिपाणी, कुणी खुर्ची ओढली तर तिचा घासण्याचा आवाज, सगळं अंगावर यायला लागलं. घाम सुटायचा. हात थरथरायचे. कातडीखाली मुंग्या चालायच्या. भीती आली ती पूर्वीसारखी वीस मिनिटांची नव्हती, ती आली आणि राहिली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःची तपासणी केली. बूथचं दार उघडं ठेवून, हेडफोन लावून, एका हाताने यंत्र चालवून. ऐकू येण्याची पातळी नेहमीसारखीच होती. मग मी दुसरी पातळी काढली, कोणता आवाज सहन होत नाही ती. साधं बोलणं जेवढ्या आवाजात चालतं तेवढ्यालाच मी हेडफोन काढून टाकला. इतक्या वर्षांत मी असा आलेख फार थोड्या लोकांचा काढला होता. तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. कुणाला दाखवावा असं कुणी नव्हतं. म्हणजे माणसं होती. दवाखान्यात डॉक्टर होते, वर अण्णा होता. पण कागद दाखवला की पुढचा प्रश्न येणार होता.

मंगळवारी सकाळी चन्नप्पा बूथमध्ये बसले.

"नाही"

शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती आणि तोंडाला रक्ताची चव होती. मला एका मोठ्या रुग्णालयात नेलं होतं. डोक्याचं स्कॅन झालं, मेंदूच्या लहरींची तपासणी झाली. दोन्हींत काही सापडलं नाही. मेंदूविकाराचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण प्रश्न त्यांनी नीट विचारला.

"रोजची काही औषधं? झोपेची, मनाची, कसलीही?"

पलंगाच्या पायथ्याशी अण्णा उभा होता. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. तो एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस, कागदावर आणि अंगावर एक रेघ वाकडी चालत नाही त्याला. वहिनी डबा हातात धरून होती. मी म्हटलं, "नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बाहेर जाताना अण्णाला सांगितलं, कारण सापडलं नाही तर फिटचं औषध कदाचित काही वर्षं घ्यावं लागेल. मी ते ऐकलं, आणि तरी गप्प राहिले. आजारपणात मी केलेल्या चुकांमध्ये ही सगळ्यात मोठी. एका खोट्यापायी त्या लोकांनी मला नसलेल्या रोगाचं औषध दिलं असतं, आणि जो होता तो तसाच राहिला असता.

रुग्णालयाचा दिवस लवकर सुरू होतो. साडेपाचला रक्त घ्यायला येतात, सहाला फरशी पुसतात, सातला दूध. अकराला डॉक्टर येतात आणि त्यानंतर संध्याकाळी भेटायच्या वेळेपर्यंत कुणी येत नाही. शेजारच्या पलंगावरच्या बाईंकडे सतत माणसं होती, त्या कंटाळून मला म्हणायच्या, तुम्हाला बरं, शांतता आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लता नावाच्या सिस्टर रक्तदाब बघायला आल्या. हसन जिल्ह्याकडच्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी माझा हात धरला आणि तो थरथरताना बराच वेळ पाहिला.

"अक्का, एक विचारू? दारू घेता?"

मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. "नाही हो."

"मग झोपेची गोळी?"

मी चादर हातावर ओढून घेतली. त्यांनी पट्टा सोडला, यंत्र बाजूला ठेवलं आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. वॉर्डात सिस्टर बसत नाहीत.

"किती दिवस झाले?"

"अडीच वर्षं."

"बंद कधी केली?"

"मागच्या बुधवारी. एकदम."

त्यांच्या हातात पेन होतं, पण त्यांनी लगेच काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "डॉक्टरांना मी आत्ता सांगणार. ते सांगावंच लागेल, नाहीतर पुन्हा फिट येईल. घरच्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्या गेल्यावर मी रडले. दुसऱ्या श्राद्धाला जे आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं, आणि शेजारच्या बाईंच्या माणसांनी नम्रपणे पडदा ओढून घेतला.

गोळी आत काय करते

त्याच संध्याकाळी मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या, पूर्णिमा त्यांचं नाव. त्यांनी आल्या आल्या मला गोळी परत सुरू करायला सांगितली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"परत?"

"परत. आणि मग हळूहळू उतरवायची. तुम्ही जिना उतरायच्या ऐवजी गच्चीवरून उडी मारलीत."

मी कानाचं शिकलेली, शरीराची मला अगदीच माहिती नव्हती असं नाही. पण अडीच वर्षं रोज जे गिळत होते ते आत जाऊन काय करतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. त्यांनी जेवणाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक पेशी काढली आणि तिला एक दार काढलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप देतात, त्या म्हणाल्या. काही निरोप "चल" म्हणणारे, काही "थांब" म्हणणारे. थांब म्हणणारं मुख्य रसायन आपलं शरीरच बनवतं, त्याचं नाव गाबा. ते या दारावर येऊन बसतं, दार उघडतं, क्लोराइडचे कण आत जातात आणि पेशी जरा निवांत होते.

"आणि गोळी?"

"गोळी स्वतः दार उघडत नाही. ती बाजूला येऊन बसते. गाबा आलं की दार नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडतं. एवढंच तिचं काम."

"म्हणजे ती शांतता माझीच होती?"

त्यांनी पेन थांबवलं. "हो. रसायन तुमचंच. गोळी ते फक्त वाढवते. म्हणून ती इतक्या लवकर लागू पडते आणि म्हणूनच थोड्या दिवसांसाठी चांगली असते."

मग दुसरा भाग. महिनोन् महिने कुणी आतून शांत करत राहिलं की मेंदू सवय करून घेतो. दारं पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशी होतात आणि "चल" म्हणणारी बाजू जोर धरते. त्यामुळे तेवढीच गोळी कमी पडायला लागते. गोळी चालू असते तोवर दोन्ही बाजू कशाबशा एकमेकींना धरून उभ्या असतात. एकदम काढून घेतली की फक्त "चल, चल" उरतं. प्रत्येक आवाज मोठा, प्रत्येक स्पर्श जास्त, आणि कधी कधी सगळ्या पेशी एकदम पेटतात. तीच फिट.

"मग पहिले दोन दिवस मला काहीच कसं झालं नाही?"

"ही गोळी शरीरातून सावकाश जाते. यकृत तिला थोडं थोडं मोडतं. तुम्ही घेणं बंद केलंत तरी ती दोन-तीन दिवस आत होतीच. तुम्हाला वाटलं जमलं."

पर्समधला तो आलेखाचा कागद मी त्यांना काढून दिला. त्यांनी तो नीट पाहिला आणि फाइलला लावायला मागितला. इतक्या दिवसांत माझी एक गोष्ट कुणीतरी जपून ठेवली.

ब्लेड

अण्णाला मीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी, सकाळी, वहिनी नसताना. तो खिडकीकडे तोंड करून ऐकत होता.

"अडीच वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"मी वर राहतो, शैला. अकरा पायऱ्या आहेत."

"माहीत आहे."

"आपल्या घरात असलं कधी कुणी घेतलं नाही."

मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. तो गप्प झाला आणि ते गप्प राहणं आठवडेच्या आठवडे चाललं. वहिनीने तिच्या माहेरी सांगितलं की शैलाला कमी साखरेमुळे चक्कर आली. मी ते ऐकलं, दुरुस्त केलं नाही.

गोळ्यांची पट्टी माझ्या हातात राहू नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठेवावी, असं डॉक्टर पूर्णिमांनी सांगितलं होतं. म्हणून ती वर गेली. रोज संध्याकाळी सात वाजता मी अकरा पायऱ्या चढायचे आणि आपला तुकडा घेऊन खाली यायचे. एक्कावन्न वर्षांची, कमावती बाई. पहिल्या आठवड्यात दारापाशी उभी राहिले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दर तीन-चार आठवड्यांनी डॉक्टर मात्रा उतरवायच्या, कधी इतकी थोडी की गोळीचा पाव, मग त्याच्याही अर्धा. ते तुकडे अण्णा करायचा. टेबलावर पांढरा कागद अंथरून, दिवा जवळ ओढून, नवीन ब्लेडने. कारखान्यात जसं काम केलं तसंच. तुकडा लहानमोठा झाला तर बाजूला ठेवायचा आणि दुसरी गोळी घ्यायचा. मग तो तुकडा एका छोट्या वाटीत घालून माझ्यासमोर सरकवायचा. गोळी पुरती सुटायला अकरा महिने लागले, आणि कशी आहेस, हे त्याने तेवढ्या काळात एकदाही विचारलं नाही. मी त्याच्या चष्म्याकडे आणि ब्लेडकडे बघत उभी राहायचे. आणि हळूहळू मला कळत गेलं की तो बोलत नाही याचा अर्थ मला वाटत होता तेवढा सोपा नाही.

मात्रा उतरली की चार-सहा दिवस वाईट जायचे. कापूस घालून कामावर जायचे, कानात कापूस घातलेली कान तपासणारी बाई. डॉक्टर पूर्णिमांनी पाठवलेल्या समुपदेशकांकडे शिकले की भीती आली की पळायचं नाही, तिथेच बसून ती किती वेळ राहते ते बघायचं. ती दर वेळी जाते. हे वाचायला सोपं आहे. सरकत्या जिन्यावर ते करून बघावं लागतं. मी बघितलं, पुष्कळदा, मॅजेस्टिकच्या त्याच जिन्यावर. कुणाला सांगण्यासारखं ते काही नव्हतं. एखादी बाई जिन्याच्या कडेला उभी राहते, थोड्या वेळाने चालू लागते, एवढंच बाहेरून दिसतं.

फिट आल्यानंतर दीड महिन्याने चन्नप्पा दवाखान्यात आले.

"माझी तपासणी अर्धीच राहिली," ते ओरडूनच म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नाही. "डावा कान बाकी आहे."

मी त्यांना बूथमध्ये बसवलं, हेडफोन लावला. दार लावण्याआधी ते म्हणाले, "ह्या वेळी आवाज आला नाही तर मी आधी तुमच्याकडे बघेन. मग माझ्या कानाकडे." त्यांचा डावा कान मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला.

शेवटचा तुकडा

शेवटचा तुकडा इतका बारीक होता की अण्णाने तो चिमट्याने वाटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सातला मी सवयीने वर गेले. टेबलावर कागद नव्हता. "संपलं ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, संपलं. तो टीव्ही बघत राहिला. मी थोडा वेळ उभी राहिले आणि खाली आले. त्या दिवसापासून वर जायला काही कारण उरलं नाही. गोळी सुटल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. त्या आठवड्यात मला तर आणखी एकटं वाटलं.

भीती अजूनही येते. महिन्यातून एकदा-दोनदा. आवाज पुष्कळसे आपापल्या जागी गेले आहेत. काही नावं परत आली, काही नाही आली. आईची आठवण आता रडवते, आणि डॉक्टर म्हणतात की हे बरं लक्षण आहे.

गोळी वाईट, असं मला म्हणायचं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तिने मला उभं केलं. जे वाईट झालं ते मी परत गेले नाही म्हणून, आणि सांगितलं नाही म्हणून. आणि तुम्ही घेत असाल तर माझ्यासारखी एका बुधवारी बंद करू नका. डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा.

गेल्या महिन्यात तपासणीसाठी मी रुग्णालयात गेले होते. डॉक्टर पूर्णिमांनी पाचच मिनिटांत सोडलं. बाहेर पर्स आवरत बसले होते तर शेजारी एक मुलगी फोनवर बोलत होती. चोवीस-पंचवीसची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात घरातल्या चपला.

"मस्त आहे गं आई. हो, जेवले. ऑफिसमध्येच आहे, मीटिंग आहे आता. नाही, आवाज असाच येतोय, रेंज नाहीये. ठेवते."

तिने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. ती मराठीत बोलली होती, तिथे बसलेल्या बाकी कुणाला ते कळलं नव्हतं. म्हणूनच ती तिथे बसून बोलली होती.

मी पर्स बंद केली. मग म्हटलं, "बाळ, पाणी पाहिजे का?"

तिने हात काढले. "तुम्हाला मराठी येतं?"

"येतं. आमचं वेगळं आहे स्वल्प, पण येतं."

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत."

"ऐकलं."

ती कोरमंगल्यात एका पीजीमध्ये राहते. नाशिकची. तीन आठवड्यांपासून तिला ऑफिसच्या लिफ्टमध्ये पाय टाकता येत नव्हता, सात मजले जिन्याने चढत होती. रूममेटला सांगितलं नव्हतं. आज रजा टाकून आली होती. डॉक्टर गोळी देतील का, ती घेतली की माणूस वेडा होतो का, तिची सवय लागते का, असं एकापाठोपाठ एक विचारत सुटली. मी तिला माझं सगळं सांगितलं. अर्धी गोळी, दुकान, फिट, ब्लेड. दाराचं चित्रही सांगितलं. इतकं मराठी मी आई गेल्यापासून बोलले नव्हते, शब्द अडकत होते.

मग तिचं नाव पुकारलं. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली.

"तुमचं झालंय ना? तुम्ही जाणार?"

"मी बसते."

ती पन्नास मिनिटांनी बाहेर आली. हातात चिठ्ठी होती, डोळे लाल होते. आम्ही खाली कँटीनमध्ये गेलो. तिने इडली मागवली, मी कॉफी. अर्धी इडली खाऊन झाल्यावर तिने फोन काढला, टेबलावर उलटा ठेवला, परत उचलला.

"आई," ती म्हणाली, "मगाशी मी खोटं बोलले. मी मस्त नाहीये."

मी माझी कॉफी उचलली आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसले.